तोटा आणि अवमान : निर्बंध, व्यापार आणि दोन देशांमधले लोकमत

(क्वेकर्स हिल, सिडनी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



फक्त गोऱ्यांना थारा देणारे धोरण ऑस्ट्रेलियाने १९७३ मध्ये मोडीत काढले. त्यानंतर ज्या मोजक्या मराठी माणसांनी या शहरात पहिली बिऱ्हाडे मांडली, त्यांच्यापैकी आज आपल्यात नसलेल्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. त्यांना वंदन करून मी सुरुवात करतो. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. रानडे स्वतः देशी व्यापार आणि उद्योग या विषयांवर जाहीर व्याख्याने देत. व्यापार हा सामान्य नागरिकाने समजून घ्यायचा विषय आहे, अशी त्यांची धारणा होती. त्याच वाटेने आज आपण थोडे चालू.

माझा प्रश्न सरळ आहे. एका मित्रदेशाने दुसऱ्यावर निर्बंध घातले, आयातशुल्क वाढवले किंवा एखादी वस्तू विकायला नकार दिला, तर सामान्य लोकांच्या मनात त्या देशाविषयी काय उरते? ब्लॅकटाऊन, स्कोफील्ड्स, द पॉन्ड्स आणि क्वेकर्स हिल या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न जवळचा आहे, कारण भारत आणि ऑस्ट्रेलिया या दोन्हीकडची माणसे आपली आहेत. या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर आधीच सांगतो. तोटा लोक सोसतात आणि पुढे विसरतात. अवमान मात्र ते विसरत नाहीत. निर्बंधाची रक्कम किती होती, यापेक्षा तो कोणत्या रीतीने आला, कारण सांगून आला की नाही आणि आपल्याला इतरांच्या बरोबरीने वागवले गेले की नाही, यावर लोकमत ठरते.

बहिष्काराची आपली परंपरा

आर्थिक बहिष्कार हे हत्यार महाराष्ट्राने फार आधी हाती घेतले. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादी नेसून गेले. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली आणि लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या शेजारी बहिष्कार येऊन बसला. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाने भरलेल्या ट्रकसमोर बाबू गेनू हा तरुण गिरणी कामगार आडवा झाला आणि त्याखाली चिरडला गेला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा मुलगा. विदेशी कापडाला विरोध म्हणजे काय, हे त्याच्या मृत्यूने साऱ्या मुंबईला कळले.

त्या बहिष्काराची दुसरी बाजू लँकेशायरमध्ये होती. आधीच मंदीने खंगलेल्या तिथल्या गिरण्यांना भारताची बाजारपेठ आटल्याचा फटका बसला आणि हजारो कामगार बेकार झाले. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले. डार्वेनला गिरणी कामगारांना आणि बेकारांना भेटले. तुमची बेकारी मला दिसते, पण माझ्या देशातले दारिद्र्य याहून खोल आहे, असे त्यांनी समोरासमोर सांगितले. बहिष्कार मागे घेतला नाही, खोटे आश्वासन दिले नाही. तरीही तिथल्या कामगार स्त्रियांनी त्यांचा जयजयकार केला. त्या वेळचे छायाचित्र आजही पाहता येते. ज्याने आपली रोजी हिरावली असे वर्तमानपत्रे सांगत होती, त्याच माणसाला त्यांनी गराडा घातला. कारण हा माणूस त्यांना टाळत नव्हता, कमी लेखत नव्हता आणि आपले कारण लपवत नव्हता.

याच परंपरेतून भारताने १९४६ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. असे करणारा तो पहिला देश. पुढे खुद्द तिथल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीने जगाकडे निर्बंधांचीच मागणी केली. निर्बंध नेहमी कटुता पेरतात असे नाही. ज्यांना ते सोसावे लागतात त्यांना त्यामागचा न्याय पटला, तर तेही ते उचलून धरतात.

तारापूर आणि परम

आता निर्बंधाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहू. आज पालघर जिल्ह्यात असलेले तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. अमेरिकेने अणुभट्ट्या दिल्या आणि समृद्ध युरेनियम पुरवण्याचा करार १९६३ मध्येच केला होता. १९७४ मध्ये पोखरणला पहिली चाचणी झाली. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि जुन्या कराराचे इंधन अडले. अखेर १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन घेण्याची तोड निघाली. महाराष्ट्र आणि गुजरातला वीज देणारे केंद्र बंद पडले नाही. पण लिहून दिलेला शब्द घरचा कायदा बदलून मोडता येतो, हा धडा भारतीय मनावर कोरला गेला. अमेरिकेशी केलेल्या प्रत्येक करारात पळवाट शोधण्याची आपली सवय बऱ्याच अंशी तिथली आहे.

महासंगणकाची गोष्ट याच काळातली. हवामान अंदाजासाठी अमेरिकेने क्रे यंत्र दिले, पण त्याचा उपयोग तेवढ्यापुरता बांधून घातला आणि आणखी शक्तिशाली यंत्रे द्यायला नकार दिला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्या वेळी महाराष्ट्रात शाळेत असलेल्यांना तो अभिमान आठवत असेल. निर्बंध घालणाऱ्याचा हेतू भारताला रोखण्याचा होता. जनमानसात उलट घडले. नकार हाच आमच्या कर्तृत्वाचा दाखला ठरला आणि नकार देणाऱ्याविषयी अढी बसली. या यंत्राची किंमत किती होती हे आज कोणाला आठवत नाही. आम्हाला ते मिळू नये असे कोणीतरी ठरवले, हे मात्र सगळ्यांना आठवते.

१९९८ : कॅनबेराचा राग, दिल्लीची नाराजी

११ आणि १३ मे १९९८ रोजी भारताने पोखरणला पुन्हा चाचण्या केल्या. ऑस्ट्रेलियाच्या जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने दिल्लीतल्या आपल्या उच्चायुक्तांना सल्लामसलतीसाठी परत बोलावले, संरक्षण सहकार्य थांबवले, मानवतावादी मदत वगळून बाकीची मदत स्थगित केली आणि इथल्या संरक्षण महाविद्यालयांत शिकणाऱ्या भारतीय अधिकाऱ्यांना परत पाठवले. व्यापाराला हात लावला नाही. पैशाच्या हिशेबात भारताचे नुकसान नगण्य होते. तरीही संबंध सावरायला काळ गेला. हॉवर्ड जुलै २००० मध्ये भारतात आले, तेव्हा कुठे गाडी रुळावर येऊ लागली.

दोन्हीकडच्या सामान्य माणसाला काय वाटत होते, ते बघा. भारतात प्रश्न विचारला जात होता की अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या छत्राखाली सुरक्षित बसलेला देश आम्हाला कसला उपदेश करतो? प्रश्न रास्त होता. पण ऑस्ट्रेलियाच्या रागालाही इतिहास होता. १९५२ ते १९५७ या काळात ब्रिटनने याच भूमीवर, माँटे बेलो बेटांवर, एमू फील्डला आणि मारालिंगाला, बारा मोठे अणुस्फोट केले. त्यात आदिवासींच्या जमिनी दूषित झाल्या आणि त्याची चौकशी करायला १९८४ मध्ये आयोग नेमावा लागला. १९९५ मध्ये फ्रान्सने मुरुरोआला चाचण्या पुन्हा सुरू केल्या, तेव्हा इथले लोक फ्रान्सवरही असेच संतापले होते. पुण्यामुंबईच्या वाचकापर्यंत मारालिंगा पोहोचले नव्हते. सिडनीच्या वाचकापर्यंत तारापूरचे अडलेले इंधन पोहोचले नव्हते. दोन्ही बाजूंचे दुखणे खरे होते आणि दोन्ही बाजूंना एकमेकांचे दुखणे दंभ वाटत होते.

युरेनियमच्या प्रकरणात हे आणखी स्पष्ट होते. २००७ मध्ये हॉवर्ड सरकारने भारताला युरेनियम विकायची तयारी दाखवली. जानेवारी २००८ मध्ये नव्या रड सरकारने ती मागे घेतली, कारण भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेली नव्हती. तत्त्व म्हणून ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण ऑस्ट्रेलियाने २००६ मध्येच चीनशी युरेनियमचा करार केला होता. चीन अण्वस्त्रप्रसारबंदी करारात सामील होता हे खरे. मात्र भारतीय वाचकाने कलमे वाचली नाहीत, तुलना केली. चीनला चालते, आम्हाला चालत नाही, एवढेच त्याच्या मनात राहिले. डिसेंबर २०११ मध्ये मजूर पक्षाच्या अधिवेशनात पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी २०६ विरुद्ध १८५ मतांनी हे धोरण बदलून घेतले आणि ५ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्लीत करार झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारताचे पंतप्रधान इथे आले. अठ्ठावीस वर्षांनी आलेले ते पहिले भारतीय पंतप्रधान. परवानगी मिळाल्यावरही ऑस्ट्रेलियाचे युरेनियम मोठ्या प्रमाणावर भारतात गेलेले नाही. ज्या मालाची फारशी खरेदी झालीच नाही, त्याच्या नकाराने सहा वर्षे दोन देशांमध्ये गाठ बसली होती. ती गाठ मानाची होती.

लोकांनी घातलेले निर्बंध

निर्बंध नेहमी सरकारच घालते असे नाही. २००९ मध्ये मेलबर्न आणि सिडनीत भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. इथे हॅरिस पार्कमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. भारतात संताप उसळला. अमिताभ बच्चन यांनी ब्रिस्बेनच्या एका विद्यापीठाची मानद पदवी नाकारली. जानेवारी २०१० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या शिवसेनेने ऑस्ट्रेलियन खेळाडूंना आयपीएलसाठी महाराष्ट्रात खेळू न देण्याचा इशारा दिला. फेब्रुवारीत शरद पवार आणि क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष, नागपूरचे शशांक मनोहर, मातोश्रीवर गेले. स्पर्धा पार पडली. नागपूरच्या मैदानावर शेन वॉर्न आणि ॲडम गिलख्रिस्ट यांचे संघ समोरासमोर आले आणि नव्या मुंबईतल्या अंतिम सामन्यात मॅथ्यू हेडन आणि डग बोलिंजर खेळले. प्रेक्षकांनी गर्दी केली.

यातून लोक उथळ असतात असा निष्कर्ष मी काढत नाही. विद्यार्थ्यांवरचे हल्ले खरे होते आणि राग योग्य होता. राग मुख्यतः इथल्या अधिकाऱ्यांवर होता, कारण या हल्ल्यांमागे वंशद्वेष नाही असे ते घाईने सांगत राहिले. मार खाणाऱ्याचे दुःख ऐकून घेण्याआधीच ते नाकारले गेले, हे जास्त लागले. खेळाडूंशी लोकांचे भांडण नव्हते. ज्याचा चेहरा ओळखीचा आहे, ज्याचा खेळ वर्षानुवर्षे पाहिला आहे, त्याच्यावर संपूर्ण देशाचा राग काढायला सामान्य प्रेक्षक तयार झाला नाही.

हरभरा आणि साखर

आता ज्यात खरोखर पैसा बुडाला, त्या दोन गोष्टी घेऊ.

न्यू साउथ वेल्सच्या वायव्येला मोरी, नॅराब्राय, वॉलगेट या भागात हरभरा पिकतो आणि तेव्हा त्याचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक भारत होता. २०१६-१७ मध्ये इथे विक्रमी पीक आले. त्याच हंगामात महाराष्ट्रात तुरीचे उदंड पीक आले होते. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या बाजार समित्यांत शेतकरी पोत्यांची थप्पी लावून खरेदी केंद्रांसमोर दिवसेंदिवस बसले होते आणि बाजारभाव हमीभावाच्या खाली गेला होता. मग डाळींची आयात आवरायला दिल्लीने पावले उचलली. डिसेंबर २०१७ मध्ये हरभऱ्यावर ३० टक्के आयातशुल्क आले, ते फेब्रुवारीत ४० आणि १ मार्च २०१८ ला ६० टक्के झाले. जहाजे समुद्रात असताना दर बदलत होते. मोरीच्या शेतकऱ्याने पुढच्या पेरणीत हरभरा कमी केला. मे २०२४ मध्ये भारतात तुटवडा झाल्यावर देशी हरभऱ्यावरचे शुल्क शून्यावर आले आणि एप्रिल २०२५ पासून ते १० टक्के झाले.

साखरेचे प्रकरण याच काळातले. मार्च २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली की भारताचे उसाचे बांधून दिलेले दर आणि निर्यात अनुदान यांमुळे जगात साखरेचे भाव पडतात. ब्राझील आणि ग्वाटेमालाही सोबत होते. डिसेंबर २०२१ मध्ये निवाडा भारताच्या विरुद्ध गेला, त्यावर भारताने अपील केले. ज्या एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या बांधून दिलेल्या दरासाठी, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी घोषणा दुमदुमतात, तोच दर जिनिव्हात आरोपीच्या पिंजऱ्यात होता. क्वीन्सलंडच्या बंडाबर्ग आणि मॅकायचा ऊसकरी एका बाजूला, कोल्हापूर-सांगलीचा ऊसकरी दुसऱ्या बाजूला.

दोन्ही प्रकरणांत खरा पैसा होता, खरी कुटुंबे होती. तरी मोरीत भारतद्वेष फोफावला नाही आणि कोल्हापुरात ऑस्ट्रेलियाच्या नावाने बोटे मोडली गेली नाहीत. ज्याचा माल पडून राहिला त्याचा तोटा लहान होता असे मी म्हणत नाही. त्याने कर्ज काढले, तो चिडला, त्याने आपल्या खासदाराला धारेवर धरले. पण भारत आपल्या शेतकऱ्याला वाचवतो आहे, हे त्याला शेतकरी म्हणून कळत होते. साखरेचा वाद दोघांनीही मान्य केलेल्या नियमांनुसार, दोघांना बोलायची संधी देणाऱ्या व्यासपीठावर चालला. हरले तरी अपमान झाला नाही.

चीनचे उदाहरण

याच्या उलट चित्र आपण इथे राहून डोळ्यांनी पाहिले. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. मे महिन्यात चीनने बार्लीवर ८०.५ टक्के शुल्क लावले. मग वाइनवर २१८ टक्क्यांपर्यंत. कोळसा, लॉब्स्टर, लाकूड आणि काही गोमांसही अडले. कारण तांत्रिक सांगितले जात होते, पण नोव्हेंबरमध्ये चिनी दूतावासाने इथल्या पत्रकारांच्या हाती चौदा तक्रारींची यादी दिली. त्यात इथल्या वर्तमानपत्रांचा सूर आणि संशोधन संस्थांचे काम हेही गुन्हे म्हणून नोंदले होते.

आर्थिकदृष्ट्या ऑस्ट्रेलिया कोसळला नाही. लोहखनिज चीन घेतच राहिला, बार्लीला दुसरे गिऱ्हाईक मिळाले. पण लोवी इन्स्टिट्यूटच्या वार्षिक पाहणीत चीनवर विश्वास असल्याचे सांगणारे २०१८ मध्ये ५२ टक्के होते, ते २०२१ मध्ये १६ टक्के झाले. बार्लीवरचे शुल्क ऑगस्ट २०२३ मध्ये उठले, वाइनवरचे मार्च २०२४ मध्ये. व्यापार परत आला. विश्वास २०२४ मध्ये १७ टक्क्यांवरच होता. बाजार उघडता येतो, मन सरकारी आदेशाने उघडत नाही. आणि त्या काळात इथल्या चिनी वंशाच्या शेजाऱ्यांना, ज्यांचा त्या शुल्काशी काडीचा संबंध नव्हता, लोकांच्या नजरा सोसाव्या लागल्या. आपण हे लक्षात ठेवले पाहिजे. दोन देशांचे बिनसते, तेव्हा पहिली झळ परदेशात राहणाऱ्या सामान्य कुटुंबांना लागते.

मतभेद ठेवून मैत्री

२०२२ चा मार्च-एप्रिल मला या विषयात सगळ्यात बोलका वाटतो. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले होते. ऑस्ट्रेलियाने रशियावर एकामागून एक निर्बंध घातले, ॲल्युमिनाची निर्यात बंद केली. भारताने निर्बंधांत सामील व्हायला नकार दिला आणि रशियाचे तेल घेत राहिला. १९९८ चा न्याय लावला असता तर पुन्हा उच्चायुक्त परत गेले असते. तसे झाले नाही. न्यू साउथ वेल्सचे माजी मुख्यमंत्री बॅरी ओफॅरेल तेव्हा दिल्लीत ऑस्ट्रेलियाचे उच्चायुक्त होते. भारताची भूमिका समजून घेतल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. २ एप्रिल रोजी दोन्ही देशांचे व्यापारमंत्री डॅन टेहन आणि पीयूष गोयल यांनी व्यापार करारावर सह्या केल्या आणि २९ डिसेंबर २०२२ पासून तो लागू झाला.

त्या करारात काय आहे याइतकेच काय नाही, हेही महत्त्वाचे आहे. दूध, साखर, गहू, तांदूळ, हरभरा भारताने बाहेर ठेवले. मसुरीला दीड लाख टनांपर्यंत निम्म्या शुल्काची सवलत दिली. महाग वाइनवरचे शुल्क उतरत्या क्रमाने कमी करायचे ठरले, त्यामुळे नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला तयारीला वेळ मिळाला. भारतीय मालाला इथे जवळपास पूर्ण मोकळीक मिळाली. विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर काम करण्याची हमी, वर्षाला १८०० पारंपरिक आचारी आणि योगशिक्षकांना प्रवेश, या गोष्टीही त्यात आल्या. ज्याला जे दुखते ते त्याने आधी सांगितले आणि दुसऱ्याने त्यावर बोट ठेवले नाही. माझ्या मते या कराराचे खरे यश इथे आहे.

आपले काम

या सगळ्या उदाहरणांतून मला तीन कसोट्या दिसतात. पहिली, निर्बंधाचे खरे कारण उघडपणे सांगितले आहे का? दुसरी, तोच नियम दुसऱ्या देशालाही लावला आहे का? तिसरी, ज्याला झळ बसते त्याला बोलायला जागा आहे का? लँकेशायरच्या कामगारांपुढे कारण उघड होते आणि त्यांना बोलायला जागाही मिळाली, म्हणून कटुता टिकली नाही. साखरेच्या वादात नियम सर्वांना सारखा होता आणि दोघांचे ऐकले गेले. युरेनियमचा नकार दुसऱ्या कसोटीवर आपटला, चीनचे शुल्क तिन्हींवर. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलाचे कारण देऊन अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा रशियन तेल घेणाऱ्या चीनवर त्या कारणाने तसे शुल्क लावले नव्हते. कोलंबी आणि कापडाच्या निर्यातदाराचे नुकसान पुढेमागे भरून येईल. पण तारापूरची आठवण असलेल्या समाजात ती तुलना लवकर पुसली जाणार नाही.

२०२२ च्या करारानंतर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात मोठ्या व्यापार कराराची बोलणी सुरू झाली. दुधाचा विषय केव्हा ना केव्हा टेबलावर येणार. त्या दिवशी इथल्या वर्तमानपत्रात भारताला हेकेखोर म्हणणारा लेख येईल आणि तिकडच्या वाहिन्यांवर ऑस्ट्रेलियाला लुटारू म्हटले जाईल. त्या वेळी आपण गप्प बसू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दोन म्हशींच्या दुधावर मुलांची फी भरणाऱ्या करवीर किंवा संगमनेर तालुक्यातल्या घराचे अर्थकारण तुमच्यापैकी अनेकांनी आतून पाहिले आहे. व्हिक्टोरियातला गोपालक दुष्काळात गाई कशा विकतो, हेही तुम्ही इथे राहून जाणता. आपल्या खासदाराला, सहकाऱ्याला, मुलांच्या शाळेतल्या पालकांना पहिली गोष्ट सांगा. गावाकडच्या भावाला, पुतण्याला, जुन्या मित्रांच्या गटाला दुसरी गोष्ट सांगा. कोणाची बाजू घ्यायची हे ज्याचे त्याने ठरवावे. पण समोरच्याचे कारण न ऐकता त्याच्या हेतूवर शंका घेऊ नये, एवढा आग्रह आपण दोन्हीकडे धरू शकतो.

करार सरकारे करतात आणि मोडतातही. दोन समाजांना एकमेकांविषयी काय वाटेल, हे मात्र ज्यांना दोन्ही बाजू ठाऊक आहेत त्यांच्या बोलण्यावर बरेच अवलंबून असते. पहिल्या पिढीने या शहरात आपल्याला जागा करून दिली. ती जागा या कामासाठी वापरणे, हेच त्यांचे उचित स्मरण ठरेल.